काम कोणत्या कचेरीचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच हताशा आहे: ‘गेलो होतो, पण हे आमच्याकडे होत नाही म्हणाले.’ मुंबईत हे घडतं त्याला कारण आहे. इथे जिल्हा परिषद नाही, ग्रामपंचायत नाही. १८८८ च्या कायद्याने चालणारी एक महानगरपालिका आहे. तिच्या जोडीला शहर आणि उपनगर असे दोन महसुली जिल्हे आहेत. उपनगर जिल्हा १९९० साली वेगळा झाला. शिवाय म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, एमएमआरडीए, शिधावाटप नियंत्रक आहेतच. पाणी, कचरा, जन्म-मृत्यू, मालमत्ता कर हे पालिकेकडे. जमीन आणि दाखले जिल्हाधिकाऱ्यांकडे. रेशन कार्ड या दोघांपैकी कुणाकडेच नाही, ते शिधावाटप कार्यालयाकडे. कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हे आधी ठरलं, तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

मुलीचा जन्म परळच्या रुग्णालयात झाला, आम्ही भांडुपला राहतो. जन्मदाखल्यावर तिचं नाव नाही, नुसतं ‘स्त्री’ आहे. मुलगी आता आठ वर्षांची आहे. भांडुपच्या वॉर्ड ऑफिसने परळला पाठवलं. हे बरोबर आहे का?
— एक आई, भांडुप

बरोबर आहे. जन्माची नोंद आई-वडील राहतात तिथे होत नाही, बाळ जन्मलं तिथे होते. परळ पालिकेच्या एफ दक्षिण विभागात येतं, म्हणून मूळ नोंदवही तिथली आणि तिच्यात भर घालण्याचा अधिकारही तिथल्याच निबंधकाचा.

नाव घालता येईल, काळजी करू नका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये ही सोय आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. आई-वडील दोघांच्या सहीचा अर्ज, दोघांची ओळखपत्रं, जुना दाखला आणि मुलीचं शाळेचं बोनाफाइड घेऊन जा.

खरी अडचण अर्जाची नसते, स्पेलिंगची असते. एकदा घातलेलं नाव साधारणपणे पुन्हा बदलून मिळत नाही. लेखनातली चूक तेवढी पुराव्यानिशी दुरुस्त होते. त्यामुळे खिडकीवर जाण्यापूर्वी शाळेचा दाखला, आधार आणि (असेल तर) पासपोर्ट तिन्ही समोर ठेवून मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं जुळवून घ्या. आईचं नाव रुग्णालयाने माहेरचं लिहिलं की सासरचं, तेही आत्ताच पाहा. पुढे पासपोर्टच्या वेळी बहुतेक कुटुंबं याच ओळीवर अडतात. दाखला हातात आल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी वाचा. तिथल्या तिथे चूक दाखवणं सोपं, महिन्याने तीच चूक रीतसर दुरुस्तीचा अर्ज होऊन बसते.

नव्या आई-वडिलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. शाळेच्या दाखल्यावर भागवण्याचे दिवस या मुलांच्या वाट्याला नाहीत. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. रुग्णालयात जन्म झाला तर ते काम रुग्णालयाचं, पण त्यांनी ते केलं का हे तुम्ही विचारायचं. घरी जन्म झाला आणि वर्ष उलटून गेलं, तर पालिकेच्या हातात काही उरत नाही. मग जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो.

आजोबा १९५५ मध्ये पाटण तालुक्यातून गिरणीत कामाला आले. वडिलांचा आणि माझा जन्म लालबागचा. मुलगा अकरावीत आहे, इतर मागास वर्गाचा जातीचा दाखला काढायचा आहे. फोर्टच्या कचेरीत अर्ज करायचा की साताऱ्याला जायचं?
— एक वाचक, लालबाग

गिरणगावातून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याचं उत्तर एका तारखेवर अवलंबून आहे. जातीच्या दाखल्यासाठी तुम्ही आज कुठे राहता हे पाहत नाहीत. मानीव दिनांकाला तुमचं कुटुंब कुठलं सर्वसाधारण रहिवासी होतं हे पाहतात. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे.

आता तुमचं प्रकरण. आजोबा १९५५ पासून मुंबईत होते हे खरं, पण नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी केलेलं तात्पुरतं वास्तव्य सर्वसाधारण रहिवास धरलं जात नाही. आजोबा गाळ्यात किंवा खोलीत राहून महिन्याला मनिऑर्डर करत होते आणि आजी, घर, शेत पाटणला होतं, तर रहिवास पाटणचा. अर्ज तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे. उलट १९६७ पूर्वीच सगळं बिऱ्हाड लालबागला आलं होतं, तर मुंबई शहराच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येईल. मात्र ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. वडिलांचा जन्म लालबागचा असल्याने त्यांची १९६७ पूर्वीची पालिका शाळेतली नोंद सापडली, तर ती इथे फार उपयोगाची. पण त्या नोंदीत जातीचा रकाना भरलेला हवा. तो रिकामा असेल किंवा नुसतं ‘हिंदू’ असेल, तर रहिवास सिद्ध होईल, जात होणार नाही. मग जातीच्या पुराव्यासाठी गावाकडेच वळावं लागेल.

गावी काय शोधायचं? आजोबा किंवा त्यांचे भाऊ, चुलते ज्या प्राथमिक शाळेत गेले तिच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने घ्या. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना १४ मिळवा. लोक याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. जुन्या नोंदी मोडीत असतील तर लिप्यंतर जाणकाराकडून करून सोबत जोडा. आजोबांपासून मुलापर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. वंशावळीतलं प्रत्येक नाव कुठल्या तरी कागदाने पुढच्या नावाला जोडलेलं हवं. गावच्या कागदावर ‘गणू’ आणि गिरणीच्या कागदावर ‘गणपत’ असेल, तर दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करा. अर्ज परत येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

अकरावीतच विचारलंत हे फार चांगलं केलंत. दाखल्यावर काम संपत नाही; व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. त्या अर्जासोबत महाविद्यालयाचं पत्र जोडायचं असतं, तेव्हा बारावी सुरू होताच कार्यालयात मागा. घरात वडील, काका किंवा आत्या अशा वडिलांकडच्या कुणाची वैधता आधी झालेली असेल, तर त्याची प्रत पहिल्या पानावर लावा. त्याने सगळ्यात जास्त वेळ वाचतो.

बँकेने आमच्या सोसायटीकडे सातबारा मागितला. पार्ल्यात सातबारा कुठून आणायचा?
— सोसायटीचे सचिव, विलेपार्ले

आणायचा नाहीच. तुमच्या जमिनीचं नगर भूमापन झालेलं आहे, त्यामुळे तिचा हक्काचा उतारा म्हणजे मिळकत पत्रिका, बोली भाषेत प्रॉपर्टी कार्ड. उपनगरात त्यावर सीटीएस क्रमांक असतो, शहर जिल्ह्यात सीएस क्रमांक. उपनगरात हे काम नगर भूमापन अधिकाऱ्याचं, शहरात जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या भूमि अभिलेख कार्यालयाचं. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरूनही निघतो. बँकेला तेवढं लेखी कळवा.

उतारा आला की तीन गोष्टी पाहा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये किती, धारक म्हणून कुणाचं नाव आहे, आणि खाली फेरफाराच्या नोंदी कुठल्या. पार्ल्यासारख्या जुन्या भागात धारकाच्या जागी पहिल्या जमीनमालकाचं, क्वचित त्याच्याही वडिलांचं नाव अजून असतं. कारण सदनिकांचे करार नोंदले गेले, पण जमीन सोसायटीच्या नावावर कधी झालीच नाही. बिल्डर किंवा मालक अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करणारा दस्त, करून देत नसेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करायचा. आदेश मिळाला की दस्ताचं मुद्रांक शुल्क ठरवून घ्यायचं, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा आणि मग नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज द्यायचा. अनेक सोसायट्या नोंदणी झाली की पेढे वाटतात आणि शेवटचा अर्ज राहून जातो. मग दहा वर्षांनी पुनर्विकासाच्या वेळी उतारा काढला की जुनंच नाव!

क्षेत्रफळात तफावत निघाली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. रस्ता रुंदीकरणात गेलेली पट्टी दस्तात मोजलेली असते आणि पत्रिकेतून वजा झालेली असते, असं बऱ्याचदा होतं. मोजणीचा अर्ज करून नकाशा घ्या. आणि मालमत्ता कराच्या बिलावर सोसायटीचं नाव आहे म्हणून जमीन आपली, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. ते बिल कर कुणी भरायचा एवढंच सांगतं.

आठवडाभर पाण्याला वास येतोय. पालिकेचा माणूस येऊन ‘तुमच्या टाकीचा दोष’ सांगून गेला. कसं ठरवायचं?
— एक रहिवासी, कुर्ला

पाणी येण्याच्या वेळी, खालच्या टाकीत पडण्यापूर्वी, मीटरजवळच्या नळाचं पाणी पारदर्शक बाटलीत घ्या. पहिल्या दोन मिनिटांचं एका बाटलीत, पंधरा मिनिटांनंतरचं दुसरीत, आणि घरातल्या नळाचं तिसरीत. प्रत्येकीवर वेळ लिहा. पहिली गढूळ आणि दुसरी स्वच्छ असेल, तर रस्त्याखालच्या वाहिनीत कुठेतरी गळती आहे. दोन्ही स्वच्छ आणि तिसरी खराब असेल, तर दोष तुमच्या टाकीत किंवा इमारतीतल्या नळांत.

हे असं का होतं ते समजून घ्या. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच सोडतात. उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी असते. तिला भेग असेल आणि शेजारून गटार किंवा मलवाहिनी जात असेल, तर दाब नसताना बाहेरचं पाणी आत झिरपतं आणि पुरवठा सुरू झाला की पहिल्या झोतात तेच तुमच्याकडे येतं. गल्लीत कुणी थेट जोडणीवर पंप लावून पाणी ओढत असेल तर हा शोष आणखी वाढतो. म्हणूनच तसा पंप लावणं बेकायदा आहे. स्वतःच्या घरासाठी चार बादल्या जास्त ओढणारा माणूस गल्लीभर कावीळ पोचवू शकतो.

तक्रार १९१६ वर करा, ‘दूषित पाणी’ हेच शब्द वापरा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ‘पाणी कमी येतं’ असं म्हटलंत तर तक्रार वेगळ्या रांगेत जाते. मग तोच क्रमांक देऊन वॉर्डातल्या जलकामे खात्याच्या सहायक अभियंत्याला लेखी द्या आणि प्रत आरोग्य अधिकाऱ्याला. आरोग्य खात्याला पाणी येण्याच्या वेळीच नमुना घ्यायला सांगा. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन लीटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा. तो तिथल्या तिथे तपासता येतो, तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकला की पाणी पिवळसर होतं. रंगच आला नाही, तर क्लोरीन कशात तरी खर्च झाला असा अर्थ घ्यायचा. अहवाल येईपर्यंत पाणी उकळी फुटल्यावरही काही मिनिटं उकळत ठेवा.

टाकीचा दोष निघाला तर आधी झाकण आणि ओव्हरफ्लोचा पाइप पाहा. कुर्ल्यात अनेक जुन्या इमारतींत खालची टाकी ड्रेनेजच्या चेंबरला खेटून आहे. चेंबर तुंबलं की टाकीच्या भिंतीतून ओल आत उतरते. अशा वेळी नुसती टाकी धुऊन काही होत नाही, पुन्हा आठ दिवसांत वास येतो.

मुलगा न्यूयॉर्कला आहे. त्याच्या नावावरची बोरिवलीची सदनिका विकायला त्याने माझ्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवलं, तिथल्या नोटरीच्या सहीने. इथे दुय्यम निबंधकांनी घेतलं नाही. तो म्हणतो, तिकडे कौंटीत जायला हवं होतं. म्हणजे काय?
— एक निवृत्त शिक्षक, बोरिवली

मुलगा बरोबर सांगतो आहे. अमेरिकेत राज्याखाली कौंटी असते, साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. फरक असा की तिथले बरेच अधिकारी लोकांनी निवडलेले असतात आणि जमिनीचे दस्त नोंदवणं हे बहुतेक राज्यांत कौंटीचंच काम असतं. न्यूयॉर्क राज्यात नोटरीच्या सहीची खात्री कौंटी क्लर्कच्या कार्यालयात होते. मुलाने मूळ मुखत्यारपत्र त्या क्लर्ककडे न्यायचं. तिथे नोटरीची सही पडताळून प्रमाणपत्र जोडतात, शुल्क ३ डॉलर. मग ते राज्याच्या परराष्ट्र-प्रमाणन खिडकीकडे, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडे द्यायचं. तिथे १० डॉलरमध्ये अपोस्टील, म्हणजे दस्त परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणपत्र, लागतं. भारत आणि अमेरिका दोघेही अपोस्टील करारात आहेत, म्हणून त्यानंतर दूतावासाची सही लागत नाही. किंवा पहिल्यापासून भारतीय वाणिज्य दूतावासातच सही करायची. हा दुसरा मार्ग. क्रम मात्र उलटा चालत नाही: कौंटीची पायरी टाळून थेट राज्याकडे पाठवलेला कागद परत येतो.

इकडे आल्यावर एक मुदत सुरू होते, ती फार जण चुकवतात. परदेशात केलेला दस्त महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे मुद्रांकित करून घ्यायचा असतो. तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे. हे अधिकारी वेगळे, महसुली जिल्हाधिकारी वेगळे. पोचल्याची तारीख सिद्ध करायला कुरिअरचं पाकीट शिक्क्यासह जपून ठेवा. मजकुरात सदनिकेचा क्रमांक, सोसायटीचं नाव, सीटीएस क्रमांक आणि ‘विक्रीकरारावर सही करणे, नोंदणीस हजर राहणे, मोबदला स्वीकारणे’ हे अधिकार स्पष्ट शब्दांत हवेत. ‘सर्व कामांसाठी’ असं मोघम लिहिलेलं मुखत्यारपत्र पुन्हा करावं लागेल.

गिरगावात आमच्या चाळीला धोकादायक म्हणून नोटीस येणार असं ऐकतो. पालिकेकडे जायचं की म्हाडाकडे?
— भाडेकरू, गिरगाव

मालकाकडून मालमत्ता कराचं बिल मिळवा. त्यात इमारत दुरुस्ती उपकराची ओळ असेल, तर इमारत उपकरप्राप्त आहे आणि ती म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येते. शहर जिल्ह्यातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या इमारती या वर्गात मोडतात. उपकर पालिका वसूल करते, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. ती ओळ नसेल, तर पालिकेच्या वॉर्डातला इमारत व कारखाने विभाग आणि पालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस. अशा वेळी संरचना तपासणीत सी-१ ठरलेली इमारत रिकामी करून पाडावी लागते. सी-२ प्रकारात दुरुस्ती होऊ शकते. भाडेकरूंचा आणि मालकाचा अहवाल परस्परविरोधी असेल तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं.

खोली सोडण्यापूर्वी एवढं करा: भाडेपावत्या, वीजबिलं, मतदारयादीतलं नाव यांच्या प्रती एकत्र ठेवा आणि आपल्या खोलीचं मोजलेलं क्षेत्रफळ भाडेकरूंच्या यादीत लेखी नोंदवून घ्या, माळ्यासकट जे असेल ते. इमारत पडल्यावर खोली किती फुटांची होती हे सांगणारा दुसरा साक्षीदार उरत नाही.

घर ४८० चौरस फुटांचं आहे, तरी कराचं बिल आलं.
— एक वाचक, मुलुंड

१ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. बिलात किती क्षेत्र आणि कुठला वापर लावलाय ते पाहा. घरात क्लिनिक किंवा क्लास दाखवलेला असेल, किंवा शेजारची खोली जोडून एकच नोंद झाली असेल, तर सवलत जाते. वॉर्डातल्या करनिर्धारण व संकलन विभागात कराराच्या प्रतीसह अर्ज करा. थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड चढतो, तेव्हा वाद चालू असतानाही मुदतीकडे लक्ष ठेवा.

‘आपले सरकार’वर अधिवास दाखल्याचा अर्ज महिनाभर ‘प्रलंबित’ दिसतोय. नगरसेवकांना सांगू का?
— विद्यार्थिनी, अंधेरी

नगरसेवकांचा इथे अधिकार नाही. हा दाखला महसूल खात्याचा, तुमच्या बाबतीत अंधेरीच्या तहसील कार्यालयाचा. (उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके.) तुमच्या हातात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिवास दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. ती उलटली, किंवा अर्ज फेटाळला, की ३० दिवसांच्या आत त्याच पोर्टलवरून पहिलं अपील करता येतं. ते पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे जातं. तिथे न्याय मिळाला नाही तर दुसरं अपील, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

अपिलाआधी एक तपासा: अर्जावर त्रुटीचा शेरा आला आहे का. मुदत पूर्ण अर्जापासून मोजतात. वास्तव्याच्या पुराव्यात मधली दोन-तीन वर्षं गळाली असतील, किंवा फोटो काढलेली प्रत वाचता येत नसेल, तर अर्ज परत तुमच्याच खात्यात पडून असतो आणि तुम्हाला मात्र तो कचेरीत अडकलाय असं वाटतं. शाळेच्या प्रत्येक इयत्तेचं बोनाफाइड लावलंत तर मधलं अंतर भरून निघतं. अपिलात जुना अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख आणि मुदत संपल्याची तारीख एवढ्या तीनच गोष्टी लिहा. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ असेल तर महाविद्यालयाची सूचना जोडा.